गुणी चेडवाचो पाळणो

२०२२ साली, मी एकाहत्तर वर्षांचा असताना, माझ्या हातचा पाळणा परत आला. तोही रिक्षाच्या टपावर उलटा बांधून, पाय आभाळाकडे करून, भर बाजारातून. दिवाळी अंकात लिहायला सांगितलं तेव्हा माझा नातजावई म्हणाला, आजोबा, चांगल्या आठवणी लिहा. ही चांगलीच आठवण आहे. पूर्ण वाचून मग बोला.

मी मसुऱ्याकडचा, पिढीजात सुतार. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात आणि हाक मारताना मेस्तानू. शाळा चौथीपर्यंत. त्यातही वर्गातल्या बाकाचा मोडलेला पाय मी बसवून दिला, तेवढंच मास्तरांच्या लक्षात राहिलं. तेव्हा शुद्धलेखन छापणाऱ्यांनी बघावं, लाकडाचं मी बघतो.

दारं केली, खिडक्या केल्या, देव्हारे केले, होडीची वल्ही केली. पण नाव झालं ते पाळण्याचं. चार खांब आणि एक पेटी म्हणजे पाळणा असं ज्याला वाटतं त्याने एक करून दाखवावा. लाकूड फणसाचं, तेसुद्धा नीट वाळलेलं. खिळा एकही नाही. भोकात कुसू, म्हणजे लाकडाचं तासलेलं टोक, घट्ट बसवायचा आणि वरून लाकडाचीच खुंटी ठोकायची. पोराचं बोट अडकेल अशी फट नको, टोचेल असा कोपरा नको. आणि सगळ्यात अवघड तोल. पाळणा एकदा ढकलला की तो झटका न देता, कुरकुर न करता, आपापला हळूहळू थांबला पाहिजे. पोराला कळताच कामा नये की हलणं कधी संपलं.

हा तोल बघायची पंचाईत अशी, की आमच्यात रिकामा पाळणा हलवत नाहीत. मग मी घरातला वरवंटा घेतो, जुन्या लुगड्यात गुंडाळतो आणि निजवतो. बारशाला बायकाही बाळाच्या आधी वरवंटाच घालतात पाळण्यात, मी त्यांच्या आधी घालतो एवढंच. आमच्या घरात त्यावरून भांडण ठरलेलं.

"माजो वरवंटो खंय?" बायको आतून ओरडते.

"निजलो आसा."

"मगे आजचा वाटप तुमी वाटतालास?"

गिऱ्हाइकं एकेक नमुने. इन्सुलीचा एक हॉटेलवाला आला, त्याला मोटारवाला पाळणा हवा होता. "मेस्तानू, बटन दाबला की आपणच हलूक होयो." मी म्हटलं, "मगे पोरगो पण बटन दाबूनच रडतलो काय?" तो रागावून गेला. कुठूनतरी तसला आणला. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते ती जाते. पोर रडून रडून निळं व्हायला लागल्यावर हा परत माझ्या दारात. आरोंद्याच्या एका म्हातारीने देवघरातल्या बाळकृष्णासाठी पाळणा नेला आणि आठवड्यात निरोप, पाळणा कुरकुरतो, देवाची झोप मोडते. एवढ्या लांब गेलो, कडीला खोबरेल घातलं आणि म्हटलं, "आता इचारा देवाक." तिने खरोखर डोळे मिटून विचारलं. मग म्हणाली, "बरो निजलो." तिच्या देवाने दिलेलं हे सर्टिफिकेट मी कुणापुढेही सांगतो.

मुलगा गोव्याला कंपनीत लागला. पटाशी धरायला त्याला वेळ नाही. त्याचं वाईट वाटतं, पण ते त्याला मी सांगितलेलं नाही आणि इथे वाचून त्याने फोन करू नये.

आता सुलभाकडची गोष्ट.

सुलभा आमच्या वरच्या वाडीतली. तिची मुलगी मनाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. आमच्या बोलीत मुलीला चेडू म्हणतात. चेडू दिवस भरायच्या जरा आधीच आलं, त्यामुळे चणीने बारीक, पण हातपाय धड, नाकडोळे देखणे. इस्पितळातून घरी आणलं, बारसं केलं आणि बारशाच्या दिवशी माझा पाळणा टांगला. मी स्वतः उभा राहून टांगला. चेडवाला आत ठेवलं, सुलभाने दोरी ओढली, आणि गाणं पुरं व्हायच्या आत चेडू गाढ.

तिथून सुलभाच्या तोंडाला खळ नाही. भेटेल त्याला सांगत सुटली. "आमचा चेडू म्हणजे इतक्या गुणी! रडणा म्हणजे काय ताच म्हायत नाय. दुपारचा निजवला तर दिवेलागणीक पण उठणा नाय. मेस्तांचो पाळणो तो!" ही कीर्ती बाजारात पोचली. मला त्या दिवसांत बाजारात काही काम नव्हतं, तरी मी रोज जाऊन येत होतो. दोन बायका तर वाटेत थांबवून पाळणा सांगून गेल्या. "सुलभाकडे दिलास तसोच होयो हां, मेस्तानू. न उठणारो."

आणि मग एका सकाळी बाबल्याची रिक्षा दारात.

"मेस्तानू, सुलभाकाकीन पाळणो परत पाठवल्यान."

"कित्याक?"

"चेडू उठणा नाय म्हणता."

मी रंधा खाली ठेवला. "बाबल्या, पाळण्यात चेडू निजता. मगे पाळणो बरो काय वाईट?"

"माका काय ठावक? माका सांगल्यान पोचव, मी पोचवलंय."

"मगे आता माका पण पोचव. आणि पाळणो उतरव नको. तसोच ऱ्हवांदे."

अंगात शर्ट घातला आणि बसलो. बाजारातल्या लोकांनी एकाच सकाळी तोच पाळणा जाताना पाहिला आणि येतानाही पाहिला. दुसऱ्या खेपेला पाळण्याखाली मी होतो.

सुलभा दारातच उभी, पदर खोचून. "मेस्तानू, घेवन जावा तो पाळणो! निजवन निजवन माज्या चेडवाचो जीव घेतल्यान त्येणा!"

"पाळण्याचा काम निजवचा," मी म्हटलं. "उठवचा काम घरच्यांचा. उठवल्यास काय तुमी?"

"निजल्या पोराक कोण उठयता?"

"मगे माझ्या पाळण्याक कित्याक शिव्या?"

आतून उपकेंद्राच्या पाटील सिस्टर बाहेर आल्या. बाई कोल्हापूरकडची, आवाज खणखणीत. "कोण ओ हे? कशाला ओरडताय बाळंतिणीच्या दारात?"

"पाळणो करणारे मेस्त," सुलभा म्हणाली, जणू चोर पकडून दिला.

"हां, तुम्हीच होय!" सिस्टरनी रिक्षावरच्या पाळण्याकडे बघितलं. "काका, पाळणा फस्क्लास आहे. तेच तर वांदं झालंय."

हे ऐकून माझा निम्मा राग गेला. उरलेला निम्मा त्यांनी पुढे जे सांगितलं त्याने गेला. त्या दिवशी त्यांनी चेडवाचं वजन केलं होतं. इस्पितळातून निघताना होतं त्यापेक्षा कमी भरलं. इतक्या दिवसांत ते वाढायला हवं होतं. जरा आधी जन्मलेली पोरं झोपाळू असतात, सिस्टर म्हणाल्या, भूक लागली तरी त्यांना जाग येत नाही. प्यायलं नाही की अंगात ताकद नाही, ताकद नाही की आणखी झोप. ही माणसं रडण्याची वाट बघत बसली, की रडलं की पाजू. आणि त्या पोरीच्या अंगात रडायचंच त्राण नव्हतं.

"पण इतक्या गुणी चेडू..." सुलभा म्हणाली.

"गुणी नाही ओ काकू, गळून गेलीय ती," सिस्टर म्हणाल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. "डॉक्टरांशी बोललेय मी. संध्याकाळपर्यंत जागी होऊन नीट प्याली, लंगोट ओले केले, तर घरी ठेवू. नाहीतर मोठ्या इस्पितळात न्यायची. त्यात मग चर्चा नाही."

बाबल्या रिक्षा वळवत होता. त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "मी हयच थांबतंय." दिवसाचं भाडं सोडून तो तिथे थांबला, हे मी मुद्दाम लिहितो. कारण एरवी मी त्याच्याविषयी चांगलं काही बोलत नाही.

मी पडवीत बसलो. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसाने जायचं नसतं, गेलोही नाही. पण खोलीचं दार माझ्या बापाने केलेलं, जुनं, फळ्या आकसून फटी पडलेलं. बघायचं काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

पहिल्यांदा सिस्टरनी खिडकी उघडायला लावली. नुकतीच बाळाला धुरी दिली होती, ओवा आणि बाळंतशोपांचा वास पडवीपर्यंत येत होता. "एवढ्या उकाड्यात मीसुद्धा झोपेन," त्या म्हणाल्या. "काढा ते दुपटं. हे दुसरं पण. अजून एक? काकू, पोर आहे का गठुडं आहे? टोपरं काढा, मोजे काढा."

"वारो लागात गो बाय!"

"आईच्या छातीवर ठेवायचीय. उघड्या अंगाला उघडं अंग. आईपेक्षा ऊबदार काय आहे तुमच्या घरात? पाठीवरून पातळ चादर टाका वाटलं तर. मनाली, घे. अशी. तुझ्या पोटाशी तिचं पोट."

मग काय काय चाललं होतं ते कानांवर येत होतं. तळवे चोळ. पाठीच्या कण्यावरून बोट फिरव, खालून वर. गाल ओल्या फडक्याने पूस, साधं पाणी, गार नको. दुधाचा थेंब काढ आणि ओठांवर लाव. घेतलं! बघ, तोंड उघडलं. आता जवळ आण, तिला तुझ्याकडे आण, तू तिच्याकडे वाकू नकोस. ओढतेय... ओढतेय... गेली झोपी.

मनाली रडायला लागली. "माका जमणा नाय. माजा दूधच पुरणा नाय तिका."

"दूध भरपूर आहे. ती मागत नाही म्हणून तुला तसं वाटतंय," सिस्टर म्हणाल्या. "झोपली की छाती हाताने अशी दाबायची, हलकी. आपोआप तोंडात धार येते, गिळावंच लागतं. तरी नाही उठली तर दुसऱ्या बाजूला घ्यायची. तरी नाही, तर लंगोट बदलायचा. त्यावर कुठलंही पोर चिडतं."

पण मनालीला बसताच येत नव्हतं नीट. पोटावर टाके, खाट उंच, पाय लोंबकळत, म्हणून ती पुढे झुकत होती आणि चेडू तोंडातून सुटत होतं. सिस्टर म्हणाल्या, पायाखाली काहीतरी द्या. सुलभाने जेवायचा पाट दिला, तो बुटका. स्टूल दिलं, ते उंच.

मला राहवलं नाही. "कितकी उंची होयी?" मी बाहेरून ओरडलो.

आतून सिस्टरचा आवाज. "काका, तुम्ही ऐकताय होय सगळं? वीतभर. वीतभराला थोडं जास्त."

हत्यारं घरी राहिलेली. अंगणात कुंपणाचे चिरे पडले होते, आमचे लाल जांभ्या दगडाचे चिरे. त्यातला एक अर्धा, तुटका शोधला, उचलला आणि उंबऱ्यापर्यंत नेऊन ठेवला. वर सुलभाने तोच बुटका पाट घातला. बरोबर बसलं. एवढं नाव कमावलेला सुतार आणि बाळंतिणीला दगड आणून दिला, ही गोष्ट बाबल्याने नंतर महिनाभर सांगितली. सांगो. उंची चुकली नव्हती.

दुपारभर तेच चाललं. चेडवाला उठवायचं, थोडं ओढायचं, झोपायचं, परत उठवायचं. ओढेना तेव्हा मनालीने वाटीत दूध काढलं आणि सिस्टरनी चमच्याने थेंब थेंब पाजलं. सुलभा मधेच बाहेर यायची. "वायच प्याला." आत जायची, परत यायची. "परत निजला." सकाळी माझ्याशी भांडलेली बाई, आता माझ्या बाजूला पडवीच्या पायरीवर येऊन बसली.

"मेस्तानू, न्हेतले काय हो चेडवाक?"

समोर रिक्षा, रिक्षावर पाळणा, त्याचे चारही पाय वर. मी उठलो आणि बाबल्याला म्हटलं, तो पाळणो उतरव. इस्पितळात जायची वेळ आली तर रिक्षा मोकळी हवी. आम्ही दोघांनी तो उतरवून पडवीच्या कोपऱ्यात ठेवला. एवढ्या देखण्या वस्तूची अडचण वाटण्याची माझी ती पहिली वेळ.

सिस्टर म्हणाल्या, आता एकदा लंगोट बदलूया, आणि पाठीवर टिचक्या मारूया. सुलभा आत गेली. मग आतून बारीक आवाज आला, नवं दार पहिल्यांदा उघडल्यावर येतो तसा. मग त्याहून मोठा. मग चेडवाने जो गळा काढला! बाबल्या तिकडे रिक्षात पेंगत होता, तो दचकून उठला. "काय झाला?"

"रडता!" मी म्हटलं. "मेल्या, रडता ता!"

आयुष्यभर मी पोरांचं रडणं बंद करायचा धंदा केला. माझा पाळणा टांगला की घरात रडं उरत नाही, हाच माझा बोर्ड. आणि त्या दिवशी एका पोराचं रडणं ऐकून मी पडवीत उभा राहून टाळ्या वाजवल्या.

"आता घे तिला, लगेच, चिडलीय तोवर!" सिस्टर सांगत होत्या. मग रडं एकदम तुटलं. मला वाटलं, झोपलं परत. पण आतून मनाली ओरडली, "आये! गिळता गो! ऐक, गिळता!"

"ऐकतंय गो बाय, ऐकतंय," सुलभा म्हणाली आणि हुंदके देत हसायला लागली.

त्यानंतर लंगोट ओला झाला. दुसराही झाला. सुलभा तो बाहेर आणून आम्हाला दाखवायला निघाली होती, सिस्टरनी आत ओढली. दिवे लागायच्या सुमाराला सिस्टरनी डॉक्टरांना फोन केला आणि बाहेर येऊन सांगितलं, आज नको न्यायला. दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजायचं, दिवसा काय नि रात्री काय. रडण्याची वाट बघायची नाही. मी सकाळी येऊन वजन करते. मधे उठलीच नाही, तर मला फोन करायचा आणि गाडी काढायची.

"आणि पाळणो?" मी विचारलं. "टांगूचो नाय?"

"वजन चढेपर्यंत आईजवळच झोपू दे. त्यात घातलं की ती उठत नाही ओ, काका. तुमचाच गुण आहे."

"मी परत न्हेणा नाय तो. माजो पाळणो परत येणा नाय."

"मग राहू दे कोपऱ्यात," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही म्हणजे काय, जांभा दगडच!" ही मी स्तुती समजतो.

बाबल्याने मला घरी सोडलं. मी भाडं देऊ केलं तर म्हणाला, चेडवाचा वजन वाढांदे, मगे बघूया.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा न घेता वरच्या वाडीला गेलो. बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, पोचायच्या आधीच चेडवाचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. सिस्टर येऊन वजन करून पिशवी आवरत होत्या. काटा जरासाच, पण वर सरकला होता. त्या गेल्या तशी सुलभा माझ्याकडे आली. डोळे लाल, केस विस्कटलेले, अंबाडा मानेवर.

"मेस्तानू, बरे इलास. रातभर डोळ्याक डोळो नाय. उठवलेला आता निजणाच नाय. आमका कोणाक निजाक देणा नाय. टांगा हो तो पाळणो. घटकाभर. सिस्टरीक कळाचा नाय."

"नाय."

"वायच, मी आंघोळ करीसर!"

"नाय म्हणजे नाय. चेडू भरांदे, मगे मी आपणान आणून टांगतलंय. तोपर्यंत हो पाळणो तुमच्या घरात ऱ्हवाचो नाय. तुमचो काय भरवसो?"

टॉवेलाची चुंबळ केली, पाळणा डोक्यावर घेतला आणि निघालो. रिक्षा बोलावली नाही. बाजारात चहाच्या टपरीवर चार जण बसलेले. त्यातला एक उठून उभाच राहिला.

"मेस्तानू, पाळणो परत?"

"परत."

"बिघाडलो काय?"

"पाळणो बरो आसा," मी म्हटलं. "चेडू बिघाडला." आणि न थांबता घरापर्यंत चालत गेलो.